गोड आवाजाची कंपनी

बोईसरमध्ये घर हादरलं की माणसं आधी बाहेर येतात आणि कारखान्यांच्या दिशेला बघतात. धूर दिसला तर कुठेतरी काहीतरी उडालं. धूर नसला तर भूकंप. डहाणू-तलासरीकडची जमीन अधूनमधून थरथरते आणि त्याचा हिसका कधी कधी आमच्यापर्यंत येतो. औद्योगिक वसाहत तर उशाशीच आहे. त्यामुळे ही बघायची पद्धत आमच्या सरावली गावात अंगात मुरलेली आहे. तावदानं वाजली की बायका गॅस बंद करतात, गच्चीवर जाऊन तिकडे नजर टाकतात आणि खाली येऊन राहिलेल्या पोळ्या लाटायला घेतात. पंचवीस वर्षं मीही तेच करत आले.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याची नोकरी तारापूरच्या प्लांटमध्ये, माझी जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोघंही निवृत्त झालो, पण गल्लीसाठी मी 'बाई'च राहिले. ज्याला कागद कळत नाही तो माझ्याकडे कागद घेऊन येतो. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, मुलांचे दाखले, बँकेची नोटीस, काहीही. मी चष्मा चढवते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मग काय करायचं ते सांगते. लोक ते करतात. मला याचा फार अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या अभिमानाचा वाटा मोठा आहे.

माझी शेजारीण किनाऱ्यावरच्या मुरब्याची. तिचा नवरा टेम्पोने मुरबे-सातपाटीहून मासळी आणतो, ती बोईसरच्या बाजारात विकते. दहा वर्षं भाड्याच्या खोलीत काढून त्यांनी आमच्या भिंतीला लागून घर बांधलं, पुढे दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. मागची भिंत नवऱ्याने आणि त्याच्या दोन भावांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः उभी केली. मुलगी तेव्हा बारावीला होती. तिचा अभ्यासाचा कोपरा आणि झोपायची जागा त्याच भिंतीशी, कारण पुढच्या खोलीत बर्फाच्या पेट्या असतात. ही मुलगी माझ्या हाताखाली पहिली ते चौथी शिकलेली, म्हणून तिच्या आईलाही मी बाईच.

एक दिवस ती विचारायला आली. "बाई, गाडीचा इमा असतो तसा घराचा पन असतो म्हनं. खरं काय?"

खरं होतं, आणि मला हुरूप आला. आमच्या घराचा विमा नव्हताच. गाडीचा होता, तोही दरवर्षी शोरूमवाला देईल तो. मी ठरवलं की आता नीट शोधून, पारखून, विश्वासाची कंपनी निवडायची. घर आणि गाडी दोन्ही तिच्याकडेच. आमचंही आणि शेजारणीचंही. नवरा म्हणाला, "सगळ्या सारख्याच. स्वस्त असेल ती घे." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

नवी वही घेतली. तीन कंपन्या काढल्या. पहिलीला फोन केला तर यंत्र बोललं, एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी गाणं वाजवून फोन बंद झाला. तिच्यावर मी काट मारली. दुसरीचा एजंट घरी आला. मी विचारायची घराचं, तो सांगायचा माझ्या निवृत्तीच्या पैशांचं. चहा पिऊन, तोंडातला गुटखा माझ्या तुळशीच्या कुंडीशेजारी थुंकून तो गेला. तिच्यावरही काट. तिसऱ्या कंपनीत एका मुलीने फोन उचलला. स्वच्छ मराठी, आवाज असा की पोटच्या पोरीशी बोलतोय वाटावं. मी माहितीपत्रकातली एकेक ओळ वाचत होते आणि ती थांबत होती. "सावकाश वाचा ताई, घाई नाही," म्हणाली. मी तिला तीनदा विचारलं, भूकंप धरलाय ना? तिने तीनदा सांगितलं, हो ताई, धरलाय.

मी भाळले. दुसरा शब्द नाही. साठीला आलेली, हजारो मुलांच्या थापा पकडलेली बाई मी, आणि आवाजाला भुलले. विकायच्या वेळी फोन कसा उचलतात हे मी वहीत लिहिलं. नुकसान झाल्यावर कसा उचलतात हे एकालाही विचारलं नाही. त्या कंपनीकडून ज्याला खरोखर भरपाई मिळाली आहे असा एक माणूस शोधावा, हे डोक्यातही आलं नाही. आमचं घर आणि गाडी, शेजारणीचं घर आणि टेम्पो, सगळं तिथे नेलं. दोन्ही एकत्र घेतलं म्हणून थोडी सूटही मिळाली आणि मी गल्लीत ती सांगत फिरले.

तो दिवस जानेवारीतला. सकाळचे सात वाजायचे होते. धप्प असा आवाज झाला, जमिनीतून पायात आला आणि पाठोपाठ बाहेर काच फुटल्याचा आवाज आला. आम्ही गच्चीवर गेलो. तिकडे बघितलं तर दाट धुकं. त्या धुक्यात कारखान्यांच्या चिमण्याही दिसत नव्हत्या, धूर कुठून दिसणार. धूर नाही म्हणजे भूकंप, असं सगळ्यांनी आपापल्या गच्चीवरून एकमेकांना सांगितलं. मोबाइलवर गल्लीच्या ग्रुपमध्येही पाच मिनिटांत तेच आलं.

खाली उतरले तर आमच्या गाडीची मागची काच फुटून सीटवर पडलेली. तेवढ्यात शेजारीण आली.

"बाई, मागची भिंत फाटली. तुमी येऊन बघा."

गेले. जमिनीपासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरका तडा होता. चार बोटं सहज आत जात होती आणि पलीकडचा उजेड दिसत होता. मुलीच्या अंथरुणावर विटांचा चुरा. मुलगी क्लासला लवकर गेली होती म्हणून वाचली. तिची आई तडा बघत नव्हती, ते अंथरूण बघत होती.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी थोडं बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. भूकंप, भूकंप म्हणून मीच सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, आणि बघा, आला भूकंप. मी तिला म्हटलं, "काही काळजी करू नकोस. याच्यासाठीच तर घेतला विमा." आणि तासाभरात त्याच गोड आवाजाला फोन लावून, पॉलिसीसोबत आलेला कोरा फॉर्म शेजारणीच्या वतीने हाताने भरून मोबाइलवरून त्याचा फोटो पाठवला. नुकसानाचं कारण या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: भूकंप.

दुपारी कळलं. भूकंप नव्हताच. वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात रिअॅक्टर फुटला होता. कामगार भाजले होते, त्यातला एक आमच्याच मागच्या गल्लीत भाड्याने राहणारा होता. धुकं उठल्यावर धूरही दिसला, पिवळट, नाकाला झोंबणारा. त्या दिवशी आमच्या बाजूच्या कितीतरी घरांच्या काचा गेल्या.

आमची गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला उत्तर प्रदेशचा, बोईसरमध्ये वीस वर्षं काढलेला. त्याने फॉर्म पुढे केला आणि म्हणाला, "मैडम, ब्लास्ट लिखिए. आज सुबह से सातवीं गाड़ी है." मी लिहिलं, स्फोट. मग शेजारणीचा फॉर्म आठवला. तिथूनच कंपनीला फोन केला. चूक झाली म्हटलं, भूकंप नाही, स्फोट, दुरुस्त करा. गोड आवाज म्हणाला, "काही हरकत नाही ताई. सर्व्हेअर येतील, त्यांना सांगा." पॉलिसीत स्फोटही धरलेला होता, भूकंपाच्याच ओळीत, त्याच्या आधी. म्हणजे भिंत कशानेही फाटलेली असो, कंपनीला द्यावंच लागणार होतं. मी निश्चिंत झाले.

सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला. नुकसान मोजून अहवाल देणारा माणूस. बुटांसकट आत आला आणि नीट फोटो यावा म्हणून मुलीच्या अंथरुणावर उभा राहिला. तड्यात पेन घालून बघितलं. मी दोनदा सांगितलं, साहेब, कारण स्फोट आहे, फॉर्ममध्ये माझ्याकडून भूकंप लिहिलं गेलंय. "हो हो," म्हणाला, पण लिहिलं काहीच नाही. मग त्याची नजर बर्फाच्या पेटीवर गेली. "सुरमई ताजी आहे का?" शेजारणीने सुरमई दिली. सुक्या बोंबलांची पिशवी दिली. वहिनींना कोलंबी आवडते का, तीही घ्या म्हणाली. त्याने सगळं घेतलं, पैशाचं नावही काढलं नाही, आणि हाताला वास लागला म्हणून तिच्याच नळावर साबण मागून हात धुतले. मला शिसारी आली. पण म्हटलं, माणूस खूश होऊन जाऊ दे. म्हणजे त्या पिशवीवर माझाही भरवसा होता. त्याची किळस मला नंतर आली.

दहाव्या दिवशी आमच्या गाडीची भरपाई मंजूर झाली. मोबाइलवर संदेश आला, त्यात हसरा चेहरा काढलेला, आणि मागोमाग पत्र. आणखी दोन आठवड्यांनी शेजारणीला इंग्रजीत पत्र आलं आणि ती ते न उघडता माझ्याकडे घेऊन आली. तिच्यासमोर मी वाचलं. त्या दिवशी या भागात भूकंपाची नोंद नाही, सबब दावा ग्राह्य नाही. शिवाय तडे जुने असून बांधकाम निकृष्ट दर्जाचं आहे.

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

"अजून चौकशी चालू आहे," मी म्हटलं. माझं पहिलं खोटं ते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पत्रं घेऊन एसटीने पालघरला गेले. कंपनीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर, काचेचा दरवाजा, आत थंडगार. टेबलावर बरणीत लिमलेटच्या गोळ्या आणि भिंतीवर छत्रीखाली हसणारं कुटुंब. तिथला अधिकारी तिशीतला असेल. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हटलं, हे बघा, माझ्या गाडीची काच तुम्ही त्या दिवशीच्या स्फोटाने फुटली असं मान्य केलंत. ही भिंत त्या गाडीपासून पंधरा पावलांवर आहे. मिनिट तेच. मग हिच्याबाबतीत स्फोट झालाच नाही का?

त्याने दोन्ही कागद वाचले. त्याला कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्याने बरणी माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, तुमचा क्लेम झालाय ना?"

"माझा झाला. तिचा विचारतेय."

"तेच म्हणतोय. दोन्ही फाइल एकमेकींना जोडल्या तर दोन्ही परत उघडाव्या लागतील. एकाच माणसाच्या अक्षरात दोन कारणं आहेत. एकाच दिवशीची. वरचे लोक विचारतील, यातलं खोटं कुठलं? मग तुमच्या काचेचे पैसे पण परत मागू शकतात. चौकशी वगैरे. तुमच्या वयात कशाला?" आवाज अगदी मऊ होता. "बघा, विचार करा. द्यायचाच तर पुनर्विचाराचा अर्ज महिन्याच्या आत द्या."

तो सरळ सरळ धमकी देत होता आणि गोळी पुढे करत होता. मला तिथल्या तिथे त्याचे कान उपटावेसे वाटले. वर्गात असता तर उपटलेही असते. त्याऐवजी मी कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि उठले. आणि उठताना एक गोळी घेतली. का घेतली ते आजही सांगता येत नाही. परतीच्या एसटीत उमरोळी येईपर्यंत ती तोंडात विरघळत होती, आणि तिथे मी ती खिडकीतून थुंकली.

अर्ज लिहायला मला अर्धा तास लागला असता. मी तो लिहिला नाही. आज गुडघे दुखतात, उद्या लाइट नाही, परवा पाहुणे. नुसत्या काचेच्या पैशांचा प्रश्न नव्हता. माझ्या अक्षराला कोणी खोटं म्हणेल, चौकशीला बोलावेल, गल्लीत बोभाटा होईल, याने माझी गाळण उडाली होती. शेजारीण बाजारातून येताना आठवड्यातून दोनदा विचारायची, "काय आलं का बाई?" मी म्हणायची, "वर पाठवलंय." हे 'वर' म्हणजे कुठे, तेही तिने कधी विचारलं नाही.

तिच्या नवऱ्याने मुरब्याहून एका मोडीत निघालेल्या होडीचा वासा टेम्पोत घालून आणला आणि भिंतीला बाहेरून तिरका टेकू दिला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो समोरच दिसायचा. मुलगी पुस्तकं घेऊन पुढच्या खोलीत बर्फाच्या पेट्यांमध्ये बसायची. बारावीची परीक्षा तोंडावर होती. तिचे कपडे, वह्या, सगळ्याला मासळीचा वास. एकदा ती माझ्याकडे अभ्यासाला आली आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसली, आमच्या सोफ्याला वास लागू नये म्हणून. मी तिला आत बोलावलं, चहा दिला, गणितं घातली. अर्ज मात्र लिहिला नाही.

एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "त्या भिंतीचं काय करणार आहेस?" मी पालघरला काय झालं ते सांगितलं. तो पेपरचं पान उलटत म्हणाला, "जाऊ दे मग. आपलं तर झालं ना."

मला त्याची इतकी किळस आली की मी उठून आत गेले. चाळीस वर्षांच्या संसारात कधी आली नव्हती. आत जाऊन ओट्याशी उभी राहिले तेव्हा कळलं की हे वाक्य माझ्या डोक्यात महिनाभर होतं. त्याने फक्त ते मोठ्याने म्हटलं.

त्याच रात्री जेवणाआधी अर्ज लिहिला आणि सकाळी पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं. मुदत संपल्यामुळे पुनर्विचार करता येणार नाही. शेजारणीला मी एवढंच सांगितलं की कंपनी नाही म्हणतेय. विमा लोकपालांकडे तक्रार केली, ती नोंदवली गेली, पण पावसाळा काही सुनावणीची वाट बघत थांबत नाही. मे महिन्यात शेजारणीच्या नवऱ्याने आणि त्याच्या भावांनी भिंत पाडली आणि पुन्हा बांधली. टेम्पो तीन आठवडे उभा. ती मासळी रिक्षाने आणत होती. मी रोज चहा नेऊन द्यायची. भाऊ म्हणायचे, बाईंनी लय केलं आमच्यासाठी.

पुढच्या वेळी मी शहाण्यासारखी वागले. विम्याची मुदत संपायच्या महिनाभर आधी त्याच गॅरेजमध्ये जाऊन दोन सकाळी खुर्ची टाकून बसले. ठोकलेली गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, कुठली कंपनी, किती दिवसांत आले लोक, शेवटी हातात काय पडलं. गॅरेजवाल्याला विचारलं की कुठल्या कंपनीचं काम घेताना तुझं तोंड वाकडं होतं. बोईसर स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला विचारलं, ज्याच्या छपराचे पत्रे वादळात उडाले होते. वही भरली. एक कंपनी निघाली. फोन उचलायला वेळ लावते, बोलणं रुक्ष, पण दिलेला शब्द पाळते असं चार वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. आमचं घर आणि गाडी मी तिथे हलवली.

शेजारणीला सांगायचं होतं. रोज ठरवायची, उद्या सांगू. पण नुसतं 'कंपनी बदल' म्हणून भागणार नव्हतं. का, म्हणून ती विचारणार, मग पालघर सांगावं लागणार, मग तो महिना. एका रविवारी चहाचा कप खाली ठेवून मनाचा हिय्या केला आणि तिच्या दारात गेले. ती पेट्या धूत होती. मला बघून हात पुसले, आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आली.

"ह्यो तुमच्याकडं ठेवा, बाई. आमच्याकडं भिजंल."

उघडून बघितलं. त्याच कंपनीची नवी पावती. घर आणि टेम्पो, आणखी एक वर्ष. दोन दिवसांपूर्वी नवऱ्याने सायबरमध्ये जाऊन भरली होती.

"अगं, यांनी तुला भिंतीचं काही दिलं नाही. आणि परत यांच्याकडेच?"

"त्यांनी नाय दिलं. पन ती कंपनी तुमी बघून दिलेली हाय ना," ती म्हणाली. "दुसरीकडं आमाला कोन वळकतं? तुमी हायत म्हनून भरलं." मग पेटी पुन्हा धुवायला घेता घेता तिने विचारलं, "तुमी भरलं का तुमचं?"

"हो," मी म्हटलं. "भरलं."